पिल्लू कुठलं, किती दिवसांचं?

मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना जाळीचे पिंजरे बांधलेला पिल्लंवाला गावात शिरला, की त्याच्या हाळीआधी चिवचिवाट ऐकू येतो. हातातलं काम टाकून बायका बाहेर येतात. पिंजऱ्यात लाल, काळी, करडी, ठिपक्यांची, सगळ्या रंगांची पिल्लं असतात. कुणी तीन आठवड्यांचं, कुणी महिन्याचं. ‘गावठीच आहेत’ असं विकणारा सांगतो. घेणारी एखादं पिल्लू उचलते, पंख ताणून बघते, पाय बघते, आणि घासाघीस सुरू होते. या व्यवहारात दोन प्रश्न बहुधा विचारले जात नाहीत. ही पिल्लं कोणत्या उबवणी केंद्रातून आली? आणि ती अंड्यातून बाहेर आली ती तारीख कोणती? पंधरा दिवसांनी पहिलं पिल्लू मान टाकतं, तेव्हा जनावरांचे डॉक्टर नेमकं हेच विचारतात. उत्तर ज्याच्याकडे होतं तो पिल्लंवाला तोवर दुसऱ्या तालुक्यात पोहोचलेला असतो. परसातल्या कोंबड्यांचा रोग ओळखण्याची सुरुवात खरेदीच्या वेळीच होते, आणि बहुतेकदा तिथेच ती हुकते.

गडब हे पेण तालुक्यातलं गाव, मुंबई–गोवा महामार्गावर वडखळ आणि नागोठण्याच्या दरम्यान. जवळ डोलवीचा पोलाद कारखाना, पलीकडे धरमतर खाडी, आणि पेणहून कासू-नागोठण्यावरून रोह्याला जाणारी रेल्वे. खाडीच्या पाण्याला बांध घालून मिळवलेल्या या भागातल्या खारजमिनीवर भाताचं एक पीक निघतं. बाकी पोट मासळीवर, कारखान्यातल्या कामावर आणि पेणच्या बाजारावर चालतं. जमिनी प्रकल्पांत गेल्या, बांधाला खांड पडून खारं पाणी शेतात शिरलं, तरी घरामागचं खुराडं टिकून आहे. आठ-दहा कोंबड्या, एखाद-दुसरा कोंबडा. कण्या, कोंडा, उकिरड्यातले किडे आणि घरातलं उरलंसुरलं यांवर त्या वाढतात. पाहुणा आला तर रस्सा, बाळंतिणीला अंडी, शेताच्या राखणीला कोंबडा, कितीतरी घरांत गौरीच्या तिखटाच्या नैवेद्याला कोंबडी, आणि आषाढात गटारीच्या तोंडावर विकायला दोन नर. या विक्रीचा पैसा घरातल्या बाईच्या हातात येतो आणि तिच्याच हातून खर्च होतो. एका आठवड्यात खुराडं रिकामं झालं, तर त्याचा पंचनामा कुणी करत नाही. शाळेची फी किंवा औषधाचा खर्च मात्र त्या महिन्यात अडतो.

हे काही किरकोळ पशुधन नव्हे. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या-बदकं मोजली गेली. त्यातली जवळपास ३२ कोटी परसातली होती, आणि आधीच्या गणनेच्या तुलनेत परसातली संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. महाराष्ट्रातली एकूण संख्या ७ कोटी ४३ लाखांच्या घरात होती. मोठ्या पोल्ट्रीला कंपनीचा डॉक्टर असतो, लसीचं वेळापत्रक असतं, मेलेल्या पक्ष्यांची रोजची नोंद असते. परसातल्या ३२ कोटींच्या मागे असं काही नसतं. तिथली नोंद त्या घरातल्या बाईच्या डोक्यात असते, आणि ती विचारून घेणारा कुणी लागतो.

आता त्या ‘गावठी’ पिल्लांबद्दल. रस्त्यावर विकली जाणारी बहुतेक पिल्लं संकरित असतात. त्यात वाईट काही नाही. मात्र घेताना ते माहीत असायला हवं. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया, बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, झाबुआची मुळात देशीच असलेली कडकनाथ, सातपुडा, कावेरी ही नावं रायगडातही ऐकू येतात. वनराजा अंगाने भरते. ग्रामप्रिया प्रामुख्याने अंड्यांसाठी. रंगीत पिसांमुळे दोन्ही दिसायला गावठीसारख्या. पण अंगाने जड आणि उडायला मंद असलेलं पिल्लू घार, मुंगूस, ऊदमांजर यांच्या तावडीत लवकर सापडतं, आणि संकरित कोंबडी खुडूक होऊन अंडी उबवायला बसेल याचा भरवसा नसतो. म्हणजे अशी कोंबडी घेतली की पुढच्या वर्षी पुन्हा पिल्लं विकत घ्यावी लागतात. याशिवाय जत्रेत आणि आठवडी बाजारात गुलाबी, हिरवी, पिवळी रंगवलेली पिल्लं मिळतात. ती बहुधा अंड्यांच्या जातीतली नर पिल्लं असतात, जी उबवणी केंद्राला नको असतात. रंगवण्यात, थंडीवाऱ्यात आणि मुलांच्या हाताळण्यात ती आधीच अर्धी खचलेली असतात. मुलाच्या हट्टाखातर घेतलेलं असं पिल्लू घरच्या कोंबड्यांत सोडणं हा रोग घरी आणण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

खात्रीची पिल्लं कुठे मिळतात? राज्याच्या पशुसंवर्धन विभागाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र पुण्यात खडकीला आहे. केंद्र सरकारच्या कुक्कुट विकास संघटनेचं पश्चिम विभागाचं केंद्र मुंबईत आरे कॉलनीत आहे. रोह्याजवळ किल्ला इथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. कुठली जात इथल्या हवेला मानवेल हे तिथे विचारता येतं. परसातल्या कुक्कुटपालनासाठी राज्य सरकारची योजनाही आहे. एक दिवसाच्या सुधारित जातीच्या १०० पिल्लांचा गट, किंवा आठ ते दहा आठवड्यांच्या २५ तलंगा आणि ३ नर असा गट, निम्म्या अनुदानावर. अनुभव नसलेल्या घराने तलंगांचा गट घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. एक दिवसाचं पिल्लू स्वस्त दिसतं; पण पहिल्या सहा आठवड्यांची जोखीम, लसी, ऊब आणि मर हे सगळं घेणाऱ्याच्या माथी येतं. तलंगांच्या बाबतीत हा काळ दुसऱ्या कुणीतरी निभावून दिलेला असतो. मात्र त्या काळात कोणत्या लसी दिल्या हे लिहून घ्यायलाच हवं.

पिल्लू हातात घेतल्यावर काय बघायचं हे जुन्या बायकांना चांगलं कळतं. डोळे टकटकीत, पाय तकतकीत, पिसं कोरडी आणि फुललेली. पोटाखाली बेंबी पूर्ण मिटलेली असावी; ओली, काळसर किंवा सुजलेली बेंबी दिसली तर ते पिल्लू आठवडाभरात जाण्याची शक्यता मोठी. शेपटीखाली विष्ठा चिकटून वाळलेली नसावी. पांढरी चिकट हगवण ही साल्मोनेला पुलोरम जंतूची खूण असू शकते, आणि हा जंतू मादीच्या अंड्यातूनच पिल्लात उतरतो. अशा वेळी परसातल्या स्वच्छतेला दोष देऊन उपयोग नसतो. रोग जन्मताच आलेला असतो. पिल्लू उताणं धरून सोडलं की त्याने झटकन पायावर उभं राहायला हवं. सगळी पेटी एकसारखी गलका करत असेल तर थंडी किंवा तहान समजावी, आणि सगळी पेटी गप्प असेल तर घेऊच नये.

एक दिवसाचं पिल्लू पेटीत घालून दूर पाठवता येतं, याला निसर्गाची एक सोय कारण आहे. बाहेर येण्याआधी अंड्यातला उरलेला बलक ते पोटात ओढून घेतं, आणि त्यावर दोन-तीन दिवस निभावतं. पण ही सवलत दोन-तीन दिवसांचीच. पेटी घरी आली की आधी पाणी, मग दाणा. पाण्यात थोडा गूळ घालायची आपल्याकडची पद्धत योग्य आहे. प्रवासाने थकलेल्या पिल्लाला त्याने लगेच तरतरी येते. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवावी. खाली वर्तमानपत्र पसरून त्यावर मक्याची बारीक भरड टाकावी. तूस पहिल्या दिवशी उघडा ठेवला तर पिल्लं दाणा समजून तोच खातात.

ऊब हा पहिल्या तीन आठवड्यांतला खरा प्रश्न. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. नंतर दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करत जायचं. शंभर पिल्लांना साधारण दोनशे वॅटचे पिवळे, तारेचे बल्ब. आता घराघरांत एलईडी दिवे आले आहेत. ते उजेड देतात, पण ऊब देत नाहीत. या एका बदलाने किती पिल्लं गारठून मेली असतील याचा हिशेब कुणाकडे नाही. तापमापक नसेल तर पिल्लांकडे बघावं. दिव्याखाली ढिगाने गोळा झाली तर थंडी, दिव्यापासून लांब पळून चोच उघडून बसली तर उकाडा, आणि सगळी एकाच कोपऱ्यात दाटली तर दुसऱ्या बाजूने वारं येतंय. पावसाळ्यात पेण-रोह्याच्या खेड्यांत रात्री वीज गेली आणि पहाटेपर्यंत आली नाही, की पिल्लं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. सकाळी वीस पिल्लं मेलेली दिसतात आणि ‘रोग परला’ ही बातमी गावभर होते. या रोगावर औषध म्हणजे गरम पाण्याच्या बाटल्या, गोणपाट आणि रात्रीची एक फेरी.

आणि तूस. भातशेतीच्या मुलखात तो गिरणीवर सहज मिळतो, आणि पिल्लांखाली अंथरायला त्याहून चांगलं काही नाही. पण भिजून बुरशी लागलेला तूस अंथरला तर बुरशीचे कण पिल्लांच्या फुप्फुसात जातात. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच पिल्लं चोच उघडून धापा टाकायला लागतात, नाकातून पाणी मात्र येत नाही. सर्दी समजून दिलेली औषधं इथे वाया जातात. बुरशीचा दुसरा धोका खाद्यात. १९६०मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पिल्लं अकस्मात मेली. कारण शोधता शोधता शास्त्रज्ञ बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोहोचले, आणि अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळलं. जुलै-ऑगस्टमध्ये ओल धरलेली मक्याची गोणी किंवा कोंड्याचं पोतं पिल्लांपुढे रिकामं करण्याआधी ही गोष्ट आठवायला हवी. खाडीकाठच्या या खारेपाटात आणखी एक काळजी घ्यावी लागते: सुक्या मासळीची डोकी आणि खारवलेला चुरा पिल्लांना भरपूर घातला तर मिठाने ती सतत पाणी पितात, पातळ हगतात, पोट फुगून मरतात. मासळीत प्रथिनं असतात हे खरं. धुऊन, थोडी, आणि मोठ्या कोंबड्यांना.

जुनी पद्धत या सगळ्या कटकटींपासून मुक्त होती. कोंबडी खुडूक झाली की नऊ, अकरा, तेरा अशी विषम संख्येने अंडी तिच्याखाली ठेवून तिला बसवायची. एकविसाव्या दिवशी पिल्लं. ऊब तिच्या पंखाखाली, दाणा तिच्या पायाने उकरलेला, घारीची चाहूल तिच्या आवाजाने. आणि डोळ्यांना न दिसणारी एक देणगी: आईच्या रक्तातली रोगप्रतिकारकं बलकातून पिल्लात येतात आणि पहिले दोन-तीन आठवडे त्याला सांभाळतात. आईला मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस मिळालेली असेल तरच ही देणगी मोलाची. म्हणून मोठ्या कोंबड्यांचं लसीकरण हे अजून अंड्यात असलेल्या पिल्लांचंही लसीकरण असतं. गावात एक-दोन घरांनी तरी खुडूक होणारी अस्सल गावठी जात जपावी, असं मला फार वाटतं. तिची अंडी कमी असतील. पण दर वर्षी पिल्लांच्या पेटीची वाट बघायची पाळी तिच्यामुळे येत नाही.

पिल्लू घरात रुळलं, आणि आजारी पडलं. आता त्याचं वय हा सर्वांत मोठा सुगावा. पहिल्या आठवड्यातली मर बहुधा बेंबीचा दाह, थंडी, तहान किंवा आईकडून आलेला जंतू. तीन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान पिसं फुलवून, डोळे मिटून बसलेली पिल्लं आणि विष्ठेत रक्त दिसलं तर रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. हा परजीवी ओल्या अंथरुणात वाढतो. पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला तूस काढणं ही औषधाइतकीच मोठी उपाययोजना. याच वयात गंबोरो येतो. पांढरी पातळ हगवण, पिल्लू थरथरतं, दोन-तीन दिवसांत एकदम मर वाढते आणि आठवड्याभरात ओसरते. १९६२मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात गंबोरो नावाच्या भागात तो प्रथम नोंदवला गेला. तो प्रतिकारशक्तीचा अवयवच पोखरतो, त्यामुळे यातून वाचलेली पिल्लं पुढे मानमोडीच्या लसीलाही नीट प्रतिसाद देत नाहीत. दोन ते पाच महिन्यांच्या तलंगेचा एक पाय पुढे, एक मागे असा लकवा आला तर मरेक रोगाचा संशय घ्यावा. हंगेरीच्या योझेफ मरेक यांनी १९०७मध्ये त्याचं वर्णन केलं. त्याची लस पहिल्याच दिवशी, उबवणी केंद्रातच मानेच्या कातडीखाली टोचावी लागते. घरी आणल्यावर ती टोचून उपयोग नसतो. पिल्लू घेताना विचारायच्या प्रश्नांत हा एक पक्का धरावा: मरेकची लस झाली आहे का?

आणि मग मानमोडी. गावातल्या कोंबड्यांना एका फटक्यात संपवणारा हा रोग. तिचं शास्त्रीय नाव न्यूकॅसल, आणि भारतातलं राणीखेत. १९२६मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडात न्यूकॅसलला, आणि १९२८मध्ये कुमाऊंच्या डोंगरात राणीखेतला तो नोंदवला गेला. लक्षणं ठसठशीत. कोंबडी खाणं सोडते, तुरा काळसर-निळसर पडतो, मान लांब करून घरघर श्वास घेते, हिरवट पांढरं पाणी हगते. जी तीन-चार दिवस टिकते तिची मान वळते. ती डोकं पाठीवर टाकते, गोल गोल फिरते. मरणाऱ्यांचं प्रमाण लस न झालेल्या खुराड्यात नव्वद टक्क्यांवरही जातं. उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि ऋतुबदलात ती खेड्यांत जास्त दिसते. पसरायला तिला फार काही लागत नाही: आजारी कोंबडीची विष्ठा लागलेली चप्पल, पिल्लंवाल्याचा न धुतलेला पिंजरा, बाजारात न विकली गेल्याने परत आणलेला कोंबडा. आणि एक आपली जुनी सवय. कोंबड्या मरू लागल्या की उरलेल्या घाईघाईने विकायच्या किंवा पाहुण्यारावळ्यांत वाटायच्या. ज्या बाईचा तेवढाच पैसा आहे तिला मी दोष देणार नाही. पण एका वाडीतली मानमोडी दुसऱ्या वाडीत जाते ती बहुतेक वेळा याच वाटेने.

मान वळली म्हणजे मानमोडीच, असंही नाही. दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लाने पायाची बोटं आत मुठीसारखी वळवली तर ती ब-२ जीवनसत्त्वाची उणीव. आभाळाकडे बघत मान मागे टाकली आणि बाकी कळप ठणठणीत असला तर ब-१ची. ही पिल्लं वेळेत जीवनसत्त्वं दिली तर उठून उभी राहतात. फरक ओळखण्याचं साधन घरातच असतं. किती जणांना झालं? किती दिवसांत? खाणं सगळ्यांनी सोडलं की एकट्याने? मरेक एकेकाला गाठतो, कोंबडी आठवडे-आठवडे वाळत जाते. मानमोडी दोन दिवसांत खुराड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचते. हे निरीक्षण कुठल्याही प्रयोगशाळेत होत नाही. ते सकाळी खुराडं उघडणारी बाईच करू शकते, आणि दवाखान्यात तिचं म्हणणं लक्ष देऊन ऐकलं गेलं तर निम्मं निदान तिथेच होतं.

तुऱ्यावर, डोळ्याभोवती खपल्या धरणाऱ्या देवीबद्दल थोडक्यात. डासांमुळे पसरते. खाजण आणि साचलेल्या पाण्याच्या या भागात पावसाळ्यानंतर ती असणारच. कोरडी देवी बहुधा आपोआप बरी होते. तोंडात पांढरट पापुद्रे धरणारी जीव घेते. सहा-सात आठवड्यांवर पंखाच्या कातडीत टोचायची लस आहे.

निदान पक्कं करायचं तर मेलेली कोंबडी बोलते. पण ती ताजी हवी. उन्हात चार तास पडलेल्या कोंबडीतून काही कळत नाही. दोन प्लॅस्टिक पिशव्यांत बांधून, बर्फावर ठेवून, गोठू न देता तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावी. शक्यतो त्यांना आधी फोन करून. मानमोडीत दाणे दळणाऱ्या पोटाच्या पुढच्या, ग्रंथींच्या भागात बारीक रक्ताचे ठिपके दिसतात. रक्ती हगवणीत आंधळी आतडी रक्ताने भरलेली असतात. गंबोरोत गुदद्वाराजवळची पिशवी सुजलेली, कधी रक्ताळलेली. त्यापुढची तपासणी पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाच्या प्रयोगशाळेत होते. घरी बसून मदत मागायची असेल तर १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक आहे.

एका परिस्थितीत मात्र मेलेल्या कोंबडीला हातही लावू नये. एक-दोन दिवसांत बऱ्याच कोंबड्या काहीही लक्षण न दाखवता पटापट मेल्या, तुरे निळे-जांभळे पडले, डोकी सुजली, किंवा आसपास कावळे, बगळे, बदकं मरून पडलेली दिसली, तर फोन करून थांबावं. कापू नये, पोत्यात भरून दवाखान्यात नेऊ नये, खाडीत फेकू नये. हा बर्ड फ्लू असू शकतो. भारतात तो प्रथम सापडला तो महाराष्ट्रातच. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबारमधल्या नवापूरला, आणि पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात. जानेवारी २०२१मध्ये परभणीच्या मुरुंब्यात. आणि जानेवारी २०२५मध्ये तो रायगडातच आला: उरण तालुक्यातल्या चिरनेरला. १९३०च्या जंगल सत्याग्रहाने ज्या गावाचं नाव इतिहासात गेलं, त्याच गावात लोकांनी डोळ्यांदेखत आपल्या कोंबड्या नष्ट होताना पाहिल्या. पेणहून ते फार लांब नाही. पक्कं निदान भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत होतं. ते झालं की एक किलोमीटर परिघातले पक्षी नष्ट केले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते. भरपाई मिळते ती सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची. रोगाने आधीच मेलेल्यांची मिळत नाही. म्हणून लवकर कळवणाऱ्या घराचं नुकसान कमी होतं. ही गोष्ट लोकांना आधीच, साथ नसताना, नीट सांगितली गेली पाहिजे. साथ आल्यावर ध्वनिक्षेपकावरून सांगितलेलं कुणाला पटत नाही. धरमतरच्या खाजणात हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात, आणि परसातल्या कोंबड्या त्याच चिखलात चरतात. धोका कायमचा आहे.

औषधांबद्दल एक तक्रार नोंदवायलाच हवी. कोंबडी आजारी पडली की औषधाच्या दुकानातून माणसांच्या प्रतिजैविकाची गोळी आणून पाण्यात विरघळवण्याची रीत सगळीकडे पसरली आहे. मानमोडी, गंबोरो, देवी, मरेक हे सगळे विषाणूंचे रोग. त्यांच्यावर प्रतिजैविक चालत नाही. कळपातल्या वाचणाऱ्या वाचतात, आणि श्रेय गोळीला जातं. दरम्यान त्याच कोंबडीचं अंडं घरातलं लहान मूल खातं. मोठ्या पोल्ट्रीतल्या अशा वापराची दखल घेऊन केंद्र सरकारने जुलै २०१९मध्ये कोलिस्टिन या शेवटच्या फळीतल्या औषधाचा खाद्यप्राण्यांसाठीचा वापर बंद केला. परसातली गोळी मात्र कुठल्याच कायद्याच्या नजरेत येत नाही. जिथे औषध खरोखर लागतं, रक्ती हगवणीत किंवा जंतांवर, तिथेही मात्रा आणि अंडी न खाण्याचे दिवस डॉक्टरांकडून विचारून घ्यावेत.

इतकं सगळं ऐकून कुणीही विचारेल, की मग मानमोडीची लस सगळे का देत नाहीत? लस स्वस्त आहे, आपल्याच राज्यात पुण्याला औंधच्या सरकारी संस्थेत बनते, आणि चांगली आहे. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब लासोटा, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठ आठवड्यांनंतर पंखाखाली आर-टू-बीचं टोचण. ही दुसरी लस १९४०च्या दशकात मुक्तेश्वरच्या संस्थेत तयार झाली. जरा जहाल आहे, म्हणून लहान पिल्लांना देत नाहीत. अडचण बाटलीच्या आकाराची आहे. लस मिळते ती साधारण १००, २००, ५०० किंवा हजार मात्रांच्या बाटलीत. एकदा द्रावणात मिसळली की दोन तासांत संपवावी लागते, तोवर बर्फावर ठेवावी लागते. बारा कोंबड्या असलेल्या बाईने शंभर मात्रांची बाटली पेणहून बर्फात आणायची आणि अठ्ठ्याऐंशी फेकून द्यायच्या, हे तिला परवडत नाही आणि कुणाला पटतही नाही. नळाच्या पाण्यात मिसळून द्यावी तर क्लोरीनने लस मरते. ही अडचण एका घराला सुटत नाही, वाडीला सुटते.

वाडीने मिळून लस देणं इतरत्र झालेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी उष्णता सहन करणारी आय-टू नावाची मानमोडीची लस तयार केली, आणि मोझांबिक, टांझानियासारख्या देशांत गावातल्याच स्त्री-पुरुषांना ती डोळ्यात घालायला शिकवलं. मोझांबिकमध्ये मार्च, जुलै, नोव्हेंबर असे वर्षातले तीन महिने ठरले. लस देणाऱ्याला दर कोंबडीमागे थोडे पैसे मिळतात. आपल्याकडे यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. राज्य सरकारच्या ‘उमेद’ अभियानातल्या बचत गटांतून प्रशिक्षण घेतलेल्या पशुसखी अनेक गावांत आहेत. एका पशुसखीकडे दहा घरांची यादी असली, की शंभर मात्रांची बाटली संपते.

लस द्यायची वेळ संध्याकाळची, दिवेलागणीची. दिवसा कोंबड्या हाताला लागत नाहीत. खुराड्यात शिरल्या की एकेक बाहेर काढता येते. एकीने धरायची, डोकं आडवं करून डोळा वर आणायचा, दुसरीने थेंब टाकायचा आणि कोंबडी पापणी मिटेपर्यंत थांबायचं. आजारी दिसणारी बाजूला. तिला लस देऊन उपयोग नाही, आणि तिच्याकडे सर्वांत शेवटी जायचं. दहाव्या घरानंतर हात साबणाने धुवायचे, बाटलीत उरलेलं उकळून टाकायचं. वहीत घराचं नाव, कोंबड्यांची संख्या, पिल्लांची उबवणीची तारीख, लसीचं नाव आणि पुढची तारीख. मधल्या काळात कुणी नवी पिल्लं आणली तर ती जुन्या कोंबड्यांपासून तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली, वेगळ्या पाण्यावर, आणि त्यांना दाणापाणी नेहमी जुन्यांच्या नंतर. वहीतल्या त्या घरासमोर पिल्लं कुठून घेतली तेही लिहायचं.